पाइपाच्या शेपटाशी

हातमोजे आणले त्या दिवशी ठोक्याला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं. थंडी कडक पडली होती, बायकोच्या तळहातांना चिरा गेल्या होत्या, आणि कुणी न सांगता, कुणी मागे न लागता तो बाजारातून जाड चामड्याचे हातमोजे घेऊन आला होता. त्यांच्या संसारात न सांगता घरात आलेली ही बहुतेक पहिलीच वस्तू. बायकोनं मोजे उलटेपालटे केले, चामड्याचा वास घेतला आणि म्हणाली, "माझ्यासाठी?"

"नाही, शेजारच्या शिंप्यासाठी. घाल की."

तिनं घातले. मोज्यांची बोटं जरा लांब होती, टोकाशी रिकामी लोंबायची, पण ती तसं काही बोलली नाही. "छान आहेत," म्हणाली, आणि मोजे घातलेल्या हातांनीच कपाळावरचे केस मागे सारायला गेली. ते काही जमलं नाही. दोघंही हसली.

ठोक्या हे त्याचं गल्लीतलं नाव. खरं नाव कागदावर कुठंतरी असेल, पण हाक मारायला ते कुणाच्या कामाचं नव्हतं. दिवस उजाडला की त्याच्या घराच्या मागच्या शेडमधून घण सुरू व्हायचा आणि जेवायच्या वेळेपर्यंत गल्लीतल्या कुत्र्यालाही धड झोपू द्यायचा नाही. भिंतीपलीकडे शिंप्याचं मशीन चालायचं. शिंपी म्हणायचा, "याच्या ठोक्यावर माझा पाय चालतो. हा थांबला की माझी शिवण वाकडी जाते."

काम गाड्यांच्या धुराच्या पाइपांचं. गॅरेजवाला पाइप कापून, वाकवून पाठवायचा आणि ठोक्यानं त्यांची तोंडं फुलवून द्यायची. इंजिनाकडून आलेला पाइप पुढच्या पाइपात सरकून बसायला हवा. बसला की वरून पट्टा आवळायचा, संपलं. पण दोन्ही पाइप एकाच मापाचे. म्हणून पुढच्याचं तोंड एवढंच फुलवायचं की पहिला त्यात हातानं सरकावा आणि तरी आत डुलू नये. कमी फुललं तर जात नाही. जास्त फुललं तर धूर गळतो. आणि त्याच्याही पुढं गेलं तर पाइपच फाटतो, कारण हा पाइप म्हणजे मुळात पत्र्याची सुरळी, लांबीत जोड मारलेली. त्या जोडालाही ते शिवणच म्हणायचे. ताण आला की आधी ती उसवते. सगळी कला त्या एका ठोक्यात, जो मारायचा नसतो.

ही रीत बापाची. लाकडाच्या दोन खोबणीदार ठोकळ्यांत पाइप आडवा ठेवायचा, तोंडात ग्रीस चोपडलेला गावदुम खुंटा बसवायचा, पुढं निमुळता, मागं जाड, भरीव लोखंडाचा, आणि घणानं तो आत हाणायचा. शिकंज्यात आवळला तर पाइप चेपतो, म्हणून लांबचं टोक कुणीतरी धरून ठेवावं लागतं. त्या टोकाला शेपूट म्हणायचे. बाप शेपूट दोरीनं खांबाला बांधायचा आणि कान स्वतःचे वापरायचा. घण पडताना पाइप गातो. खुंटा सैल असतो तोवर टण टण असं खणखणीत. पत्रा चहूबाजूंनी ताणला गेला की तो आवाज मधोमध बसतो, घसा बसल्यासारखा. तो बसला की थांबायचं. बाप आयुष्यभर ते ऐकत आला आणि शेवटची वर्षं अंगणात खुर्ची टाकून खांबासारखा बसून राहिला. जेवायला बोलवायचं तर आईला जाऊन खांद्याला हात लावावा लागे. पोरं मागून येऊन त्याला काय वाट्टेल ते म्हणायची आणि तो समोर बघून हसायचा, आपल्यालाच कुणीतरी नमस्कार घातला असं समजून.

ते पाहून ठोक्यानं धंद्याच्या पहिल्याच दिवशी दोन सुधारणा केल्या. एक, स्वतःच्या कानात कापसाचे बोळे घातले. दोन, शेपटाशी दोरीऐवजी बायको उभी केली. नवीनच लग्न झालेलं. तिला त्यानं आवाज समजावून दिला, दोन पाइप मुद्दाम फाडून दाखवले. ती हुशार, तिसऱ्याला तिनं बरोबर ठोक्यावर सांगितलं, "पुरे." कापसातूनही तेवढं ऐकू यायचं. तेव्हापासून तो हाणायचा आणि ती पुरे म्हणायची. संसार त्या एका शब्दावर चालला, पोर झाली, वाढली, लग्न होऊन गेली. ठोक्याचे कान अजून मांजरासारखे तल्लख. गल्लीत कुणी बापाचा विषय काढला की तो म्हणायचा, "त्याला अक्कल नव्हती. कापूस काय महाग असतो का?"

तर हातमोजे आले आणि त्याच आठवड्यात पाइप फाटायला लागले.

पहिला फाटला तेव्हा त्यानं पाइपाला शिव्या दिल्या. असं कधीमधी व्हायचंच. दुसरा फाटला तेव्हा गॅरेजवाल्याला दिल्या. पुढं एका सकाळी वाकवलेला चांगला लांब पाइप, ज्याच्यावर गॅरेजवाल्याचं निम्मं काम झालेलं, तो शिवणीवर बोटभर उसवला आणि दुपारी गॅरेजवाला स्वतः शेडच्या दारात येऊन उभा राहिला. फाटलेल्या तोंडात त्यानं बोट फिरवलं.

"ठोक्या, म्हातारा झालास काय रे?"

"तुझा पत्रा बघ आधी. कागदासारखा हलका पाठवतोस."

"पत्रा तोच आहे. हात बघ तुझा. जमत नसेल तर सांग बाबा, मी दुसरीकडे बघतो. गिऱ्हाईक माझ्या डोक्यावर बसतं, तुझ्या नाही."

ठोक्याची बायको कोपऱ्यात हातमोजे घालून उभी होती. गॅरेजवाल्याचं तोंड हलेल तसतशी तिची नजर हलत होती. तो गेल्यावर ठोक्यानं सगळा राग तिच्यावर काढला. घरातलं माणूस त्यासाठी हाताशीच असतं.

"काय करतेस तिथं उभी राहून? मी हाणतोय, हाणतोय, तू आपली गप्प. कान काय माहेरी ठेवून आलीस?"

ती त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "चुकलं माझं. उद्या नीट बघते."

'बघते' म्हणाली. ऐकते नाही. हे त्याच्या ध्यानात नंतर आलं.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. लेक लांबच्या शहरात, जावयाबरोबर. तिचं बोलणं नेहमीचं झालं आणि मग म्हणाली, "बाबा, आईच्या कानाचं बघा ना जरा. फोनवर मी काहीही विचारलं की हो हो म्हणते. परवा विचारलं, आई पाय दुखायचा थांबला का, तर म्हणे, हो, त्यांना सांगते."

"वय झालंय," ठोक्या म्हणाला. "आणि ती माझं तरी कधी ऐकते? तुझं काय घेऊन बसलीस."

"बाबा, मी चेष्टा करत नाही."

"बरं, बरं. बघतो."

त्यानं फोन ठेवला. हसू तोंडावर तसंच राहिलं होतं, काढून ठेवायला जागा नाही अशासारखं. स्वयंपाकघरात बायको दाराकडं पाठ करून भांडी घासत होती. तो उंबऱ्यात उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "अगं."

ती घासत राहिली.

"अगं ए." जरा मोठ्यानं.

भांड्यावर राख चाललेली, गोल गोल.

"गॅरेजवाला मेला," ठोक्या म्हणाला. नेहमीच्या आवाजात. "गाडीखाली आला. मीही मेलो. आपण सगळे मेलो."

तिनं भांडं पाण्यात बुडवलं, निथळलं, पालथं घातलं, दुसरं घेतलं.

ठोक्या शेडमध्ये गेला, खुंटा उचलला आणि परत उंबऱ्यात आला. खुंटा भरीव, चांगला वजनदार. त्यानं तो फरशीवर सोडून दिला. भिंतीपलीकडे शिंप्याचं मशीन थांबलं, एवढा आवाज झाला. बायको दचकली. पण तिनं मागं वळून नाही पाहिलं. तिनं आधी स्वतःच्या पायांकडं पाहिलं, मग फरशीकडं, आणि मग वळली.

"काही पडलं का?" तिनं विचारलं.

"खुंटा," तो म्हणाला.

"पायावर नाही ना?"

त्यानं मान हलवली. खुंटा उचलून शेडमध्ये आला आणि ठोकळ्यावर बसला. 

बाकावर पत्र्याची एक डबी होती, कापसाची. झाकणाला वर्षानुवर्षांच्या ग्रीसच्या बोटांचे काळे ठसे. आत बोळे, एकसारखे, गुळगुळीत वळलेले. तो त्या डबीकडं बघत बसला आणि नको ते आठवलं. नवी नवलाई संपून वर्ष दीड वर्ष झालं असेल. एका दुपारी शेपूट खाली ठेवून ती बाकाशी आली होती आणि डबीकडं बोट करून म्हणाली होती, "मलाही द्या की थोडा. घरात गेलं तरी कानात घूं होत राहतं."

आणि तो काय म्हणाला होता? फार विचार नव्हता केला. पाइप वाट बघत होता, हात ग्रीसचे होते. तो म्हणाला होता, "तू घातलास तर पुरे कोण म्हणणार?"

ती जरा वेळ उभी राहिली आणि शेपटाशी परत गेली. पुन्हा कधी मागितला नाही. तो ते विसरला. म्हणजे अगदी विसरला असंही नाही. कुठंतरी तळाशी पडलं होतं, आणि त्यानं कधी हात घालून पाहिलं नव्हतं, कारण काय हाताला लागेल हे ठाऊक होतं. बापाला खांबासारखं बसलेलं त्यानं पाहिलं होतं. आवाज काय करतो हे सांगायला त्याला डॉक्टर नको होता. त्याला माहीत होतं म्हणून तर त्यानं कापूस घातला. आणि माहीत असूनच तिला उभी केली, उघड्या कानांची. दोरीला कान नसतात, त्यामुळं बापानं निदान स्वतःचेच घालवले.

आणि वर विचारलं, कान माहेरी ठेवून आलीस का. माहेरी नाही ठेवले बाबा. इथंच ठेवले, तुझ्या शेडमध्ये.

जेवताना त्यानं तिच्याकडं नीट पाहिलं. ती त्याच्या ओठांवर नजर ठेवूनच असायची, हे किती वर्षांचं असेल? त्याला वाटायचं, बायको आपल्यावर जीव टाकते म्हणून अशी बघते. घास त्याच्या तोंडात फिरत राहिला.

"मीठ कमी आहे का?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग तोंड असं का केलंय, औषध घेतल्यासारखं?"

"थंडीनं," तो म्हणाला.

सांगून टाकायचं, एवढंच होतं. मला कळलंय, आणि हे मी केलंय. पण सांगितलं की ते झालं, मग ते घरात कायमचं राहायला येणार. त्यानं दुसरा रस्ता काढला. माणूस असा रस्ता नेहमी काढतो. तो चांगला दिसतो म्हणून.

बाकाखाली एक खोकं होतं. लेकीनं मागं पाठवलेलं, जावयानं कुठूनतरी मिळवलेलं. त्यात तोंड फुलवायचं एक अवजार: लोखंडाचा दंडगोल, पाकळ्यांत चिरलेला, मध्ये जाड बोल्ट. पाइपात घालायचं आणि पान्यानं बोल्ट आवळायचा. पाकळ्या बाहेर सरकतात आणि तोंड आतून फुलत जातं. घण नाही, ठोकणं नाही, भिंतीपलीकडं कळणारसुद्धा नाही. आलं तेव्हा त्यानं एकदा लावून पाहिलं होतं. तोंडाला पाकळ्यांचे वण उठले. त्यानं सगळ्या गल्लीला ते वण दाखवले होते. "यातून धूर नाही गळणार तर काय? यंत्राला काय कळतंय." पण त्याला त्याच दिवशी कळलेलं होतं की सैल करून जरासं फिरवलं आणि पुन्हा आवळलं की वण बसतात. तसं केलं तर तोंड घणाच्या तोंडाइतकंच गोल येतं. ते मात्र त्यानं कुणाला दाखवलं नाही. ठोकल्याशिवाय तोंड फुलायला लागलं तर गल्लीनं त्याला म्हणायचं काय? खोकं बाकाखाली गेलं आणि तिचा एक एक दिवस शेपटाशी गेला.

सकाळी त्यानं खोकं काढलं, धूळ झटकली, पाइप शिकंज्यात सैलसर धरला. या कामाला तेवढं पुरतं. बायको नेहमीप्रमाणं आली. हातमोजे तिच्या हातात होते, घातलेले नव्हते. तिनं खोकं पाहिलं, शिकंजा पाहिला, रिकामे ठोकळे पाहिले.

"आजपासून तू नको शेपटाशी," तो म्हणाला. तिच्याकडं तोंड करून म्हणाला, हे त्यानं आठवणीनं केलं. "थंडी आहे. दमतेस. हे एकट्यानं होतं."

तिनं हातमोजे बाकावर ठेवले, एकावर एक, नीट.

"पाइप फाटले म्हणून?" ती म्हणाली.

"नाही गं."

"फाटले म्हणूनच. गॅरेजवाला बोलला म्हणून. इतकी वर्षं नाही फाटले ते? तेव्हा कुणी म्हटलं, वा, बाईनं बरोबर सांगितलं? आता चार फाटले तर मला काढून टाकता, दोरी टाकल्यासारखी."

"अगं, तसं नाही."

"मला हे मोजे नको होते," ती म्हणाली. आता तिचा आवाज चढला. बहिऱ्या माणसाचा चढतो तसा, आपल्याला न कळता. "तुम्ही हौसेनं आणलेत म्हणून घातले. मोज्यातून कळत नाही काही."

"काय कळत नाही?"

"पाइप." तिनं दोन्ही तळहात त्याच्यापुढं धरले. चिरा तशाच होत्या, काळ्या पडलेल्या. "हाताला कळतो तो. आधी मुंग्या आल्यासारखा नाचतो, मग जड होतो. जड झाला की मी पुरे म्हणते. मोज्यात तो सगळा वेळ जडच लागतो. मी म्हटलं, शिकेन याच्यावरही. तुम्ही एवढे घेऊन आलात."

ठोक्याच्या हातात पाना होता. तो त्यानं खाली ठेवला, आवाज न करता. ठेवल्यावर लक्षात आलं की आवाज केला असता तरी काय होतं.

"कधीपासून?" त्यानं विचारलं.

"काय कधीपासून?"

"हातानं कळतं ते."

तिनं जरा आठवलं. "पोरगी शाळेत होती. तिची हाक यायची बंद झाली. आधी बारीक बारीक गेलं, पाखरं, शिटी. मग तिची हाक. म्हटलं, आता हे मला काढतील आणि दोरी बांधतील. मग हात लावून बघायला लागले. जमलं." ती एकदम थांबली. "तुम्हाला माहीत होतं?"

"काल कळलं."

"खुंटा पाडलात तेव्हा."

"हो."

"मला वाटलंच. तुमचा हात असा सुटत नाही."

ती वळली आणि शेडच्या झरोक्यातून बाहेर बघत उभी राहिली. ठोक्याला वाटलं, आता सांगावं. तिच्या तोंडाकडं बघून ते बाहेर पडलं नसतं. तो तिच्या पाठीला म्हणाला, "तू कापूस मागितला होतास. मी दिला नाही. मला माहीत होतं काय होतं ते, बापाला बघितलं होतं मी. तरी दिला नाही." बोलून झालं आणि छाती हलकी झाली. अगदी खरोखर हलकी झाली, आणि त्याची त्याला तिथल्या तिथं लाज वाटली. पाठीला सांगून मोकळा झालास होय रे?

ती वळली. "काही म्हणालात?"

आता सुटका नव्हती. कमी आवाजात हे सांगता येणार नव्हतं. ज्यानं तिचे कान नेले त्याला माफक आवाजाची सोय उरलीच नव्हती.

"तू कापूस मागितला होतास," तो म्हणाला.

"काय?"

"कापूस. मागितला होतास."

तिनं हात कानामागं नेला. इतकी वर्षं लपवलेला तो हात आता उघड गेला. "मोठ्यानं बोला. दाढी ओठांवर आलीय तुमच्या, दिसत नाही नीट."

ठोक्या ओरडला. आयुष्यात त्यानं घण मोठ्यानं चालवला होता, तोंड कधी नाही. "तू कापूस मागितलास आणि मी दिला नाही. माझ्या कानात घातला आणि तुझ्या नाही. तुझे कान माझ्यामुळं गेले."

भिंतीपलीकडचं शिंप्याचं मशीन थांबलं. गल्लीत कुणाची तरी बादली खाली ठेवल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. सगळी गल्ली कान देऊन उभी असावी अशी शांतता, आणि ती ऐकू येत होती फक्त त्याला.

बायको त्याच्याकडं बघत होती. तिचा चेहरा हलला नाही.

"कापूस कोण वळून देत होतं तुम्हाला?" ती म्हणाली.

त्यानं डबीकडं पाहिलं. एकसारखे, गुळगुळीत बोळे. आपण वळले होते का कधी? डबी कधी रिकामी झाली नव्हती, एवढंच त्याला माहीत होतं. बाकाखालचं ग्रीस संपायचं, ठोकळे झिजायचे, कापूस संपायचा नाही.

"रोज वळायचे," ती म्हणाली. "सकाळी चहा टाकला की. मला कळत नव्हतं का, कुणाच्या कानात काय आहे आणि कुणाच्या नाही? सासरे समोर खुर्चीत बसलेले असायचे."

"मग घातला का नाहीस? न विचारता."

"मग पुरे कोण म्हणालं असतं?"

त्याचंच वाक्य. ती ते टोमणा म्हणून म्हणाली की नुसतंच उत्तर म्हणून, हे त्याला तिच्या तोंडावरून कळेना. ओठ वाचायची सवय त्याला नव्हती.

"राग आला होता," तिनं थोड्या वेळानं सांगितलं. "खूप. वर्षभर तरी होता. तुम्हाला कळलासुद्धा नाही. मी आदळआपट करायचे आणि तुम्ही कापूस घालून बसलेले."

ठोक्या बाकावर टेकला. भिंतीपलीकडून शिंपी खाकरला, म्हणजे तो भिंतीला अगदी लागून होता. "लेक आली की कानाच्या डॉक्टरकडं जाऊ," ठोक्या म्हणाला, मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून. "यंत्र मिळतं."

"यंत्र लावून काय ऐकू? तुमचं ठोकणं?"

"ठोकणं बंद. आजपासून बंद."

"आणि मी काय करू?"

 ते त्यानं धरलंच नव्हतं. आवाज बंद केला की झालं, असं तो धरून चालला होता. आपण तिचे कान घेतले, आणि आता ते परत देता येत नाहीत म्हणून तिच्याकडून शेपूटही काढून घेतोय. सगळ्या गल्लीसमोर ओरडून सांगितलं, तरी वाटणी तीच राहिली. पडायचं ते तिच्याच बाजूला पडत होतं.

बायको शिकंज्याजवळ आली. पाइपात बसवलेलं अवजार तिनं वाकून पाहिलं, पाकळ्यांवर अंगठा फिरवला. मग पाना उचलून त्याच्या हातात दिला. "फिरवा बघू. कसं आहे ते."

त्यानं आवळायला सुरुवात केली. ती आपोआप पाइपाच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि उघडा तळहात शेपटावर ठेवला. तो फिरवत राहिला. पाकळ्या पत्र्याला टेकल्या, ताण आला, पाना जड झाला. ती डोळे मिटून उभी.

"हे मुकं आहे," ती म्हणाली. "काही बोलतच नाही."

त्यानं आणखी फिरवलं.

"पुरे," ती म्हणाली.

तो थांबला. त्याच्या मनगटाला कळत होतं की अजून आहे, निदान अर्धा फेरा आहे. तरी त्यानं बोल्ट सैल केला, अवजार काढलं आणि जोडीचा पाइप आणून तोंडाला लावला. गेला नाही. त्यानं जरा फिरवून, दाबून पाहिला. तो पाइप पोटाशी घेऊन वेळ काढत राहिला, जणू बसतोय, बसेल आता.

"जात नाही तो," ती म्हणाली. शेपटाकडून येऊन तिनं तोंड पाहिलं. "कमी झालंय. मी अंदाजानं म्हटलं. आणि तुम्हाला कळत होतं, तरी थांबलात."

"तू पुरे म्हणालीस."

"मी म्हणाले म्हणून? पाइपाचं बघायचं की माझं?" ती खरंच चिडली होती. "असं नका करू. कान गेलेत माझे, हात नाहीत. उगीच खोटं खोटं मला शेपटाशी उभी करणार असाल तर मी जाते भांडी घासायला."

तिनं पाना त्याच्या हातातून ओढून घेतला. "सरका. तुम्ही जा शेपटाशी. फिरवणाऱ्याच्या मनगटाला कळतं ना? मग मला फिरवू द्या."

"फिरवून जरा सैल करायचं, मग वळवायचं," तो ओरडून सांगायला लागला. "म्हणजे वण..."

"तुम्ही मागं लावून बघितलं होतं तेव्हा मी दारातच होते. दिसतं मला."

ठोक्या शेपटाशी गेला. तो इतक्या वर्षांत कधी तिथं उभा राहिला नव्हता. तिथून शेड वेगळीच दिसत होती. पायाखालची जमीन दोन पावलांपुरती खोल झाली होती आणि त्याचे पाय त्या खळग्यांत मावत नव्हते. समोर, पाइपाच्या सरळ रेषेत, घण पडायची जागा. आवाज इथं पोचायचा तो सरळ, आडवं येणारं मध्ये काहीच नाही. त्यानं तळहात पाइपावर ठेवला. लोखंड बर्फासारखं गार होतं. चिरा का पडायच्या ते त्याला आत्ता कळलं.

बायकोनं पाना लावला आणि फिरवायला लागली. खांद्यातून जोर, तोंड घट्ट मिटलेलं. मध्येच थांबून बोल्ट सैल केला, अवजार बोटभर वळवलं, पुन्हा आवळायला घेतलं. त्याच्या हाताला काही म्हणजे काही कळत नव्हतं. पुरे कधी म्हणायचं? त्यानं तिच्या ओठांकडं पाहिलं.

ती मान वर न करता म्हणाली, "कापूस घ्या की. डबीत ताजा आहे."

पलीकडं शिंपी फिसकन हसला आणि लगेच गप्प झाला. ठोक्याला हसू आलं नाही. तो गार पाइपावर हात ठेवून उभा राहिला, आणि ती फिरवत राहिली.